बाग रिकामी ठेवू नका

आज संध्याकाळी पाच वाजता घराजवळच्या बागेत जा. मुलांना घ्या, आजीला घ्या, पाण्याची बाटली घ्या. बाकी काही लागत नाही. बाग नसेल तर मैदानात जा. हे उद्यावर ढकलू नका.

आपल्या शहरांतल्या बागा आणि मैदाने हातची चालली आहेत. एका रात्रीत जात नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आधी झोपाळ्याची एक साखळी तुटते. झोपाळा वर गुंडाळून ठेवतात. घसरगुंडीचा पत्रा फाटतो, तिच्याभोवती दोरी बांधतात. दिवा जातो आणि महिनोन्‌महिने कुणी बदलत नाही. मग दिवेलागणीनंतर बायका यायच्या थांबतात. आया आल्या नाहीत की लहान मुलेही येत नाहीत. बाकांवर पत्त्यांचे डाव बसतात, झुडपांत बाटल्या दिसू लागतात. एके दिवशी कोपऱ्यात वाळू आणि खडी येऊन पडते, तात्पुरती म्हणून. दुसऱ्या बाजूला गाड्या लागतात. शेवटी कुणीतरी म्हणते, इथे तसेही कोण येते? इथे वाहनतळ करू, सभागृह बांधू. आणि त्या प्रश्नाला उत्तर द्यायला तिथे कुणीच हजर नसते.

तुम्ही हजर राहा. जिथे रोज पन्नास मुले खेळतात, तिथे रात्रीत खडी टाकून जाणे सोपे नसते. पन्नास घरांत त्याची बातमी पोचते. रोज फेऱ्या मारणाऱ्या आजोबांना कोणत्या झाडाची फांदी कधी तुटली हे माहीत असते. बागेवर सर्वांत चांगला पहारा तिथे येणाऱ्या माणसांचा असतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग आपण येणे का सोडले? याचे एक कारण मला फार गंभीर वाटते. नव्या मोठ्या इमारतींत पोडियमवर, म्हणजे वाहनतळाच्या वरच्या गच्चीवर, मुलांसाठी रंगीत रबरी फरशीची खेळाची जागा असते. तिथे झोपाळा आहे, सुरक्षारक्षक आहे, लिफ्टने खाली उतरले की झाले. आईबापांना ते सोयीचे वाटते. पण अर्ज कसा लिहायचा, नगरसेवकाला कुठे गाठायचे, वर्तमानपत्राला कसे कळवायचे, हे ज्यांना ठाऊक आहे तीच कुटुंबे अशी एकेक करून बागेतून निघून गेली. मागे राहिली ती दहा बाय बाराच्या खोलीतली मुले. त्यांना दुसरे अंगण नाही. त्यांच्या आईला दिवसभराची चार घरची कामे सोडून विभाग कार्यालयात खेटे घालणे परवडत नाही. त्यांचा झोपाळा तुटतो तेव्हा ओरडणारे कुणी उरत नाही.

म्हणून तुमच्या सोसायटीत खेळायची जागा असली तरी बागेत या. तुमच्या मुलाला त्याच घसरगुंडीच्या रांगेत उभे राहू द्या. अनोळखी मुलांशी भांडू द्या, पुन्हा जोडी जमवू द्या. लंगडी, डबा ऐसपैस, लगोरी या खेळांना दहा-बारा पोरे लागतात. पोडियमवर तेवढी सहसा जमत नाहीत.

मुलांची काय हानी होते आहे, ती नीट पाहा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी दमछाक होईल असे खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मनाशी हिशेब करा. शाळेची बस, शिकवणी, गृहपाठ, मग मोबाइल. ती ६० मिनिटे तुमच्या घरात कुठे बसतात? चीनमधल्या ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. काही शाळांनी मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर, उजेडात नेले. बाकीच्या शाळांनी नेहमीसारखेच ठेवले. तीन वर्षांनी नेहमीच्या शाळांत शंभरातल्या जवळपास ४० मुलांना लांबचे धूसर दिसू लागले होते. बाहेर जाणाऱ्या मुलांत हे प्रमाण ३० होते. त्यासाठी औषध दिले नव्हते, यंत्र लावले नव्हते. दिवसाउजेडी मोकळ्या जागेत नेले होते, इतकेच.

तुमच्या घराजवळ ती मोकळी जागा आहे. मुलाला तिथे न्या. ऊन उतरले की न्या. उन्हाळ्यात पत्र्याची घसरगुंडी आधी हात लावून पाहा, तापलेली असते. आठवड्यात तीनच दिवस जमत असेल तर तीन दिवस न्या. परीक्षा जवळ आली म्हणून मैदान बंद करू नका. तासभर धावून आलेले मूल अभ्यासाला बसते तेव्हा त्याच्या डोळ्यांत तरतरी असते, हे तुम्हीही पाहिले असेल.

आणि म्हाताऱ्या माणसांचे काय? वन बीएचकेत दिवसभर बसून राहिलेल्या आजीला कुणाशी बोलायचे असते. दूरचित्रवाणी तिच्याशी बोलत नाही. बागेतल्या बाकावर तिच्या वयाच्या तीन बाया भेटतात, गुडघ्यांचे औषध निघते, सुनांचे कौतुक निघते, कधी गाऱ्हाणेही निघते. नाना-नानी पार्क याच गरजेतून निघाली. पण तिथली पायवाट उखडली, फरशी निसरडी झाली की म्हातारी माणसे पडायच्या भीतीने घरीच बसतात. आजीचा हात धरून तिला घेऊन जा. पायवाट उखडली असेल तर तसे आजच्या आज कळवा.

मुंबईचे गणित तर ऐकवत नाही. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शिकेत शहरात माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. मुंबईत खेळायला आणि फिरायला खुली असलेली जागा माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास आहे, असे नियोजनाचे अभ्यासक सांगत आले आहेत. एका माणसाने पाय पसरून झोपावे, जेमतेम एवढीच ती आहे. त्यातून एक मैदान गेले तर ते परत मिळवायला शहरात दुसरी जमीन नाही.

आज जे उरले आहे, तेही कुणीतरी आग्रह धरल्यामुळे उरले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट वस्त्यांत माणसे पटापट मेली. त्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने आखलेल्या दादर-माटुंगा भागात रस्ते रुंद ठेवले, इमारतींत अंतर ठेवले आणि बागांसाठी जागा राखली. फाइव्ह गार्डन्स त्याच आखणीतल्या. इतकी माणसे गमावल्यावर या शहराला मोकळ्या हवेची किंमत कळली होती. दादरचे मैदान १९२५ साली माहीम पार्क म्हणून खुले झाले. दोन वर्षांनी अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळाले. त्या २८ एकरांत किती पिढ्यांनी पहिली बॅट धरली! त्या जागेवर तेव्हाच इमारती उठल्या असत्या तर आज कुणाला चुकल्याचुकल्यासारखेही वाटले नसते. न पाहिलेल्या मैदानासाठी कोण हळहळतो?

ओव्हल मैदानाची गोष्ट तर अलीकडची आहे. त्याची रया गेली होती, तिथे जायला लोक कचरत. आजूबाजूच्या रहिवाशांनी संघटना केली, न्यायालयात गेले, मैदानाची देखभाल स्वतः अंगावर घेतली. २०१८ साली त्या मैदानाच्या दोन बाजूंच्या इमारतींसह तो सारा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. आज तिथे एकाच वेळी कितीतरी क्रिकेटचे डाव चालतात आणि कुणाचा चेंडू कुणाच्या डावात जातो ते सांगता येत नाही. हे घरी बसून झाले नाही.

तुम्हीही करू शकता. न्यायालयात जायची वेळ येण्याआधी करण्यासारखे खूप असते. त्यासाठी आधी कायदा ठाऊक हवा.

शहराच्या विकास आराखड्यात बाग किंवा मैदान म्हणून राखलेली जागा खासगी मालकाची असेल आणि दहा वर्षांत महापालिकेने ती ताब्यात घेतली नाही, तर मालक खरेदीची सूचना बजावू शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत, तर ते आरक्षण संपल्याचे मानले जाते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये हे लिहिलेले आहे. म्हणजे कागदावरची तुमची बाग नुसत्या हलगर्जीपणाने जाऊ शकते. कुणी लबाडी करायचीही गरज नाही. त्याच कायद्याच्या कलम ३७ प्रमाणे आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती व सूचना मागवाव्या लागतात. त्याला मुदत असते एका महिन्याची.

एक महिना! बारीक टायपातली ती सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून येते. आपण ती ओलांडून पुढे जातो. आता ओलांडू नका. सोसायटीतल्या एका माणसाने, शक्यतो निवृत्त आणि चिवट माणसाने, आठवड्याला एकदा या जाहीर सूचना पाहायचे काम घ्यावे. आपल्या भागातल्या भूखंडाचा क्रमांक दिसला की सगळ्यांना सांगावे. हरकत लिहायला वकील लागत नाही. साध्या मराठीत लिहा: इथे आमची मुले खेळतात, दुसरी जागा नाही, आरक्षण बदलू नका. तारीख घाला, सही करा, पोच घ्या. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. आणि एकट्याने देऊ नका. एका कुटुंबाची हरकत फायलीत दबते, दोनशे कुटुंबांच्या हरकती दाबणे सोपे नसते.

याचा उपयोग होतो का? होतो. २०१६ च्या जानेवारीत मुंबई महापालिकेच्या सभागृहात मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण मंजूर झाले. आधी अशा दिलेल्या काही जागांवर सर्वसामान्यांना फाटकातच अडवले जात असल्याचा अनुभव मुंबईकरांच्या गाठीशी होता. लोक संतापले, बोलले, लिहीत राहिले. काही दिवसांतच धोरणाला स्थगिती मिळाली. बंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा एका खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा रहिवाशांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, आणि १९९१ साली न्यायालयाने बागेची जागा बागेसाठीच राहिली पाहिजे असा निकाल दिला. रुग्णालय ही काही वाईट गोष्ट नाही. तरीही ते मुलांच्या जागेवर बांधायचे नाही, एवढे त्या न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या गल्लीत उद्या कुणी एखादे चांगलेसे काम पुढे करून मैदान मागेल, तेव्हा हे आठवा. वाचनालय, समाजमंदिर, दवाखाना, सगळे हवे. पण त्यासाठी मैदान का द्यायचे, हे विचारा. न घाबरता विचारा.

रोजचे कामही तितकेच निकडीचे आहे. झोपाळ्याची कडी झिजली असेल, सीसॉचा खिळा वर आला असेल, तर मोबाइलवर फोटो काढा आणि उद्यान खात्याला पाठवा. मुंबईत १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा विचारा, पुन्हा विचारा. मूल पडून हात मोडल्यावर केलेल्या तक्रारीचा त्या मुलाला काय उपयोग? बंद दिव्याच्या खांबाचा क्रमांक लिहून द्या. स्वच्छतागृहाला कुलूप असेल तर ते उघडायला सांगा. त्या कुलपामुळे बायका आणि मुली तासाभरात घरी परततात. माळीकाकांशी बोला. बागेला पाणी मिळते का, मदतीला माणसे आहेत का, ते त्यांना विचारा. त्यांच्या अडचणी तुमच्या अर्जात लिहा. त्यांचे ऐकणारे फारसे कुणी नसते.

आणि बाग वापरताना ती सांभाळा. भेळेचा कागद खिशात घाला. फुले तोडणाऱ्या मुलाला प्रेमाने थांबवा. वाढदिवसाच्या फुग्यांच्या चिंध्या उचलूनच निघा. मोठ्या मुलांनी क्रिकेटसाठी सगळे मैदान अडवले असेल तर भांडू नका. वेळ वाटून घ्या: पाच ते सहा छोटी, सहानंतर मोठी. मुलींसाठी जागा आवर्जून ठेवा. दहा-अकराव्या वर्षापासून मुली मैदानातून हळूहळू दिसेनाशा होतात आणि आपण ते चालवून घेतो. ते चालवून घेऊ नका. तुमच्या मुलीला खो-खोला घेऊन या, तिच्या चार मैत्रिणींनाही बोलवा.

निघताना शेजारचे दार वाजवा. तिथल्या मुलांचे आईबाप कामावरून आठशिवाय घरी येत नसतील, आणि मुले खिडकीशी बसून असतील. त्यांच्या आईला फोन करून विचारा आणि त्या मुलांनाही बरोबर न्या.