चिठ्ठीवर काय लिहिलंय, हे विचारायचा हक्क



परभणी, गंगाखेड, जिंतूरकडच्या बैठकांत कोरोनाने एकल झालेल्या बायका मला भेटतात. नवऱ्यासाठी किती इंजेक्शने आणली, कोणता दागिना मोडला, शेकडा किती व्याजाने पैसे उचलले, सारे त्यांना पाठ आहे. ‘ते औषध कशासाठी होते?’ असे विचारले की मात्र त्या गप्प होतात. त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रभर एकच नाव तोंडी होते : रेमडेसिविर. औषध दुकानांपुढे रांगा आणि मागच्या दाराने काळाबाजार. पण या औषधाने दाखल रुग्णांचे मृत्यू टळतात असा पुरावा नाही, ते देऊ नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच दिला होता. पुढे २०२२ मध्ये, प्राणवायूवर असलेल्या पण व्हेंटिलेटरवर नसलेल्या रुग्णांना त्याचा थोडा उपयोग होतो असे दिसले. थोडा, घर गहाण टाकण्याइतका नव्हे.

खरा आधार ठरले ते डेक्सामेथासोन, जुने आणि स्वस्त स्टेरॉइड. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत त्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि प्राणवायूवरच्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना फायदा नव्हता. तरीही सौम्य आजारातही स्टेरॉइड दिले गेले. साखर वाढली, आणि मधुमेहींमध्ये म्युकरमायकोसिसने डोळे, जबडे, जीव घेतले.

राज्य सरकारने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांचे दर बांधले : साध्या वॉर्डाचे दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचे ९,०००. महागडी औषधे मात्र त्यातून वगळली. बिल फुगवायला ती वाट उघडी राहिली.

हा प्रश्न बायकांचा कसा, असे काहीजण विचारतात. सही दिराने केली, चिठ्ठी सासऱ्याने नेली, माणूस गेला आणि कर्ज तिच्या नावावर उरले. म्हणून हा प्रश्न तिचा आहे. शिवाय औषधांना प्रश्न विचारणे आपल्या चळवळीला नवे नाही. गरोदरपण तपासण्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या जादा मात्रेच्या ई. पी. गोळ्यांविरुद्ध महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्ते लढले. १९८८ मध्ये सरकारला बंदी आणावी लागली. नेट-एन इंजेक्शनाविरुद्धही बायका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा विचारलेलेच आज विचारायचे आहे : कोणते औषध, कशासाठी, दुष्परिणाम काय, स्वस्त पर्याय कोणता?

डॉक्टर सारेच लुटारू होते असे मी म्हणत नाही. सरकारी दवाखान्यात दिवसरात्र राबलेल्या परिचारिका आणि गावोगाव फिरलेल्या आशाताई आपल्यातल्याच आहेत. पण भीतीच्या दिवसांत प्रश्न विचारणे म्हणजे उपचार नाकारणे, असा समज रुजला. तो मोडायला हवा.

रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यास ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावीत, असे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत आहे. राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आपल्या तालुक्यातल्या रुग्णालयात ती लागली आहे का, हे येत्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने जाऊन पाहावे. लागली नसेल तर जिल्हा शल्य चिकित्सकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी. ज्या बहिणींकडे जुनी बिले आहेत, त्यांच्याबरोबर बसून ती ओळीओळीने वाचावीत. काय आढळले ते आम्हाला कळवा. पुढच्या अंकाची पाने त्यासाठी राखून ठेवली आहेत.