विशेषनामाची मुदत

विशेषनाम आणि सामान्यनाम यांतला भेद आपण शाळेतच शिकतो. औषधाच्या दुकानात मात्र या भेदाची किंमत रुपयांत मोजावी लागते. ‘फॉर्क्सिगा’ हे विशेषनाम; ‘डापाग्लिफ्लोझिन’ हे सामान्यनाम. मधुमेहावरचे औषध एकच. पण पेटंट, म्हणजे परिभाषेतले ‘एकस्व’, चालू असेपर्यंत मालकाच्या परवानगीवाचून ते इतरांना करता-विकता येत नाही.

ही मुदत कधी संपते, हे रुग्णाला कळावे कसे? भारतीय कायद्यानुसार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांनी, हे उत्तर सोपे वाटते. पेटंट कार्यालयाच्या नोंदीही सर्वांना खुल्या आहेत. परंतु तिथे दुकानातले नाव शोधून सहसा काही हाती लागत नाही. पेटंटचा मजकूर लिहिला जातो तेव्हा औषधाचे बारसे झालेले नसते. तिथे असते ते केवळ रासायनिक रचनेचे वर्णन. शिवाय एका औषधावर एकच पेटंट असते असेही नाही.

डापाग्लिफ्लोझिनचेच पाहा. संयुगांच्या संपूर्ण कुळाला व्यापणारे पहिले पेटंट ऑक्टोबर २०२० मध्ये संपले. नेमक्या याच रेणूचे दुसरे पेटंट मे २०२३ पर्यंत होते. त्याच्या आधारे जेनेरिक गोळ्या रोखाव्यात, म्हणून अॅस्ट्राझेनेका दिल्ली उच्च न्यायालयात गेली. प्रश्न होता तो वाचनाचा: कुळाच्या वर्णनात हा रेणू आधीच सांगून झाला होता काय? शब्दाने जातीचा बोध होतो की व्यक्तीचा, हा मीमांसक-नैयायिकांनी घोळवलेला प्रश्नच जणू रसायनशास्त्राचा वेष घेऊन उभा राहिला. न्यायालयाने २०२० मध्ये अंतरिम मनाई नाकारली आणि २०२१ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला. एका शोधाला एकच पेटंट, हे त्यामागचे सूत्र.

अशा वाचनावर काय अवलंबून असते? एम्पाग्लिफ्लोझिनचे भारतीय पेटंट मार्च २०२५ मध्ये संपले, तेव्हा सुमारे ६० रुपयांच्या गोळीला दहा रुपयांच्या आतले पर्याय आले. मधुमेहाची गोळी बहुधा जन्मभर, रोज घ्यावी लागते. ज्याला ही तारीख कळत नाही, तो नंतरही जुनीच किंमत मोजत राहू शकतो.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. औषध केव्हा निकामी होईल, ती तारीख गोळ्यांच्या पाकिटावर छापलेली असते. मक्तेदारी केव्हा संपेल, ती तारीखही तिथेच छापावी. अमेरिकेत ‘ऑरेंज बुक’ या सरकारी सूचीत व्यापारी नावावरून पेटंटच्या तारखा शोधता येतात. आपल्याकडे २०१८ पासून औषधाचे सामान्यनाम व्यापारी नावापेक्षा ठळक छापण्याचा नियम आहे. हे त्याचेच पुढचे पाऊल ठरेल. दावे चालू असताना तारीख बदलू शकते, हा आक्षेप खरा आहे. मग ‘वाद न्यायप्रविष्ट’ एवढे दोन शब्द सोबत छापावेत.

एकस्व हा मुळात समाजाशी केलेला करार आहे: शोध उघड करा आणि मोबदल्यात ठरावीक वर्षे एकाधिकार भोगा. करारातली आपली बाजू समाज रोज दुकानात पैसे मोजून पाळतो. तो करार कधी संपतो, एवढे तरी त्याला वाचता येईल अशा अक्षरांत लिहिलेले असावे.