आठ जीबीची पट्टी

वाचकहो, लॅपटॉपात रॅम घालणे हा काही सांस्कृतिक लेखाचा विषय नव्हे, असे तुम्ही म्हणाल. मीही तसेच म्हटले असते. पण गेल्या खेपेला बऱ्हाणपूरला गेलो आणि मत बदलले.

बऱ्हाणपूर ही माझी सासुरवाडी. वास्कोहून गाडी धरून भुसावळला उतरायचे आणि तिथून तापीकाठच्या या जुन्या शहरात यायचे. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की मध्य प्रदेश. पण घराघरांत मराठी अजून आहे. मुले हिंदीत शिकतात, आपसात हिंदीत भांडतात आणि आजीशी मराठीत बोलतात. आजी गेल्यावर कुणाशी बोलतील, हा प्रश्न आहेच. आम्हां गोमंतकीयांना तो वेगळा समजावून सांगायला नको.

माझ्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. जात्यावरच्या ओव्या त्यांना अजून आठवतात. दोन-तीन वर्षे मी त्या ध्वनिमुद्रित करतो आहे. मुद्रण सोपे, उतरवून घेणे कठीण. ओवीत 'वखर' आला. आमच्या भातशेतीच्या मुलखात वाढलेल्या मला तो कुठून माहीत असणार? आडव्या पात्याचे औत, पेरणीआधी जमीन भुसभुशीत करणारे, हे आईंनी हातवारे करून सांगितले. म्हणजे ओवी ऐकायची, थांबवायची, विचारायची, टंकायची, हे सगळे त्यांच्यासमोर बसूनच व्हायला हवे.

आणि नेमका इथेच लॅपटॉप अडायचा. 2014 सालचा, चार जीबी रॅमचा. ध्वनीची फाईल, लेखनाची फाईल आणि शब्दकोशाचे पान एकदम उघडले की चक्र फिरत राही. आई पदर सावरून वाट पाहत. दोन मिनिटांनी म्हणत, "जावईबापू, राहू द्या, उद्या बघू." त्या वयात 'उद्या' हा शब्द ऐकायला बरा वाटत नाही.

गोव्यात एका दुकानात आधी विचारले होते. दुकानदाराने झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला, "ह्यात काही होत नाही, नवीन घ्या." बऱ्हाणपुरात यंत्रमागांच्या खडखडाटातल्या एका छोट्या गाळ्यात नेला, तर तिथल्या भाऊने आधी टास्क मॅनेजर उघडला. मेमरी जवळजवळ पूर्ण भरलेली. मग मागचे झाकण काढून दाखवले, "साहेब, एक खाच रिकामी आहे." बारा वर्षे ती रिकामीच होती! त्याने जुन्या पट्टीवरचा मजकूर वाचला, डीडीआर3एल म्हणजे 1.35 व्होल्टची. साधी 1.5 व्होल्टची या यंत्राला चालेलच असे नाही, आणि डीडीआर4 तर खाचेत बसणारच नाही. तेवढे बघून वापरलेली आठ जीबीची पट्टी बाराशे रुपयांत बसवली आणि रात्रभर तपासून सकाळी दिली.

आम्हा कारकुनांना यातले तत्त्व चटकन कळते. हार्ड डिस्क म्हणजे कपाट, रॅम म्हणजे मेज. मेज लहान असले की एक फाईल काढायला दुसरी कपाटात ठेवावी लागते. कारकून आळशी नसतो, उठबस करून दमलेला असतो. पण अशा दमलेल्या यंत्रांना आपण काय करतो? एका कार्यालयात मी स्वतः पाहिले आहे, निर्लेखनाच्या यादीत चालू संगणकांचा ढीग. झाकण उघडून रिकामी खाच आहे का, हे कुणी पाहिले नव्हते. यादीत तसा रकानाच नव्हता.

रॅम म्हणजे सर्व रोगांवर औषध, असे मात्र मी म्हणत नाही. विंडोज 10चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11ला माझा प्रोसेसर चालत नाही. कितीही रॅम घातली तरी. म्हणून मी लिनक्स घातले. देवनागरी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आहेच. ज्याला हे जमणार नाही, त्याने नवीन यंत्र घेतले तर मी नावे ठेवणार नाही. पण घेताना एक प्रश्न जरूर विचारा: रॅम बदलता येते का? हल्लीच्या कित्येक सडपातळ लॅपटॉपांत ती बोर्डावर कायमची जोडलेली असते. आज आठ घेतली की जन्मभर आठच. त्यात 2025च्या अखेरीपासून मेमरीचे भाव भडकले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांना ती हवी आहे. मायक्रॉनने तर डिसेंबर 2025मध्ये आपला क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. केंद्राने 2022 साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, संकेतस्थळही काढले. चांगलेच झाले. पण झाकणच उघडत नसेल तर हक्क घेऊन काय करायचे?

परतीच्या आदल्या दिवशी कुंडी भंडारा पाहायला गेलो. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 साली झालेली ही योजना. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या जोरावर शहराकडे आणलेले. बोगद्याच्या वाटेवर विहिरींसारख्या शंभराच्या वर कुंड्या. त्यांतून हवा आत जाते आणि माणूस उतरून गाळही काढू शकतो. चारशे वर्षे हे टिकले याचे एक कारण मला तिथे उभे असताना दिसले: बांधणाऱ्याने उघडायला जागा ठेवली होती. आपण ती जागा बुजवतो आहोत आणि त्याला प्रगती म्हणतो आहोत.

आणखी एक गंमत. रॉबर्ट डेनार्ड यांनी 1966 साली आयबीएममध्ये शोधलेली ही डीरॅम मेमरी स्वभावाने विसराळू आहे. तिच्यातला विद्युतभार गळत राहतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांनी तिला उजाळा द्यावा लागतो. नाही दिला तर सारे पुसले जाते. आजीशी मराठीत बोलणाऱ्या त्या मुलांची मला आठवण झाली.

असो. त्या आठवड्यात एकवीस ओव्या उतरवून झाल्या. चक्र एकदाही फिरले नाही. शेवटच्या दिवशी आईच दमल्या आणि म्हणाल्या, "आता तुमचं यंत्र थांबत नाही, मलाच थांबू द्या."

उरलेल्या ओव्यांसाठी दिवाळीत पुन्हा जाणार आहे. तुमच्या घरात असा एखादा जुना लॅपटॉप आणि अशी एखादी आजी असेल, तर दिवाळीची वाट पाहू नका.