सही करण्यापूर्वी

बँकेत असताना कर्जाच्या कागदांवर न वाचता सह्या होताना मी पुष्कळ पाहिल्या. पुढे इस्पितळात दादाच्या संमतिपत्रावर माझीच सही तशी झाली. 'क्रिएटिनिन वाढलंय, डायलिसिस लागेल,' डॉक्टर म्हणाले. आम्ही दोघांनी माना डोलावल्या.

अर्थ नंतर कळला. क्रिएटिनिन हा स्नायूंतून निघणारा टाकाऊ पदार्थ. तो रक्तात साचला, म्हणजे मूत्रपिंडाची गाळणी थकली. डायलिसिस म्हणजे यंत्राने रक्त गाळणे. बहुधा आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. जुनाट विकारात त्याने मूत्रपिंड बरे होत नाही. दादाला वाटले होते, एकदा केले की सुटलो!

'उन्हाळे लागले', 'मूतखडा झाला' हे आजीला कळत असे. डॉक्टरांनी इंग्रजी शब्द खुशाल वापरावेत. पण अर्थ मराठीत सांगावा. आपणही लाज सोडून तो विचारावा. सही त्यानंतर.