कॉफीच्या ओळींतले तण

क्लोरपायरिफॉस हे कीटकनाशक मे २०२५ मध्ये जिनिव्हात स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. काही सवलती ठेवून का होईना, ते जगभरातून हद्दपार करायचे असे सदस्य देशांनी ठरवले. युरोपीय संघाने त्याची मान्यता २०२० मध्येच काढून घेतली होती. आता त्याच्या जागी काय, असे विचारले की बहुधा दुसऱ्या औषधाचा डबा पुढे केला जातो. ब्राझीलमधील काही कृषी संशोधक मात्र कॉफीच्या ओळींत वाढणाऱ्या फुलोऱ्यावरच्या तणाकडे बोट दाखवत आहेत.

जगात सर्वाधिक कॉफी ब्राझीलमध्ये पिकते आणि तिचा निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या मिनास जेराइस राज्याचा असतो. तिथली मोठी डोकेदुखी म्हणजे नागअळी. इवलासा पांढुरका पतंग पानावर अंडी घालतो, अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमधला गर खाते, पान तपकिरी पडते आणि गळते. पापुद्र्याआडच्या अळीला फवारा गाठेलच असे नाही. पानावर उघड्यावर वावरणाऱ्या मित्रकिडी मात्र हमखास मरतात. त्यात या अळीने ऑर्गॅनोफॉस्फरस गटातील औषधांना दाद न देण्याची ताकद कमावल्याचे ब्राझीलमध्येच नोंदले गेले आहे. मग मात्रा वाढते आणि फवारण्याही वाढतात.

नागअळीला खाणारे कमी नाहीत. गांधीलमाश्या पापुद्रा फाडून अळी उचलतात, बारीक परोपजीवी माश्या तिच्यावर अंडी घालतात, क्रायसोपाची पिल्लेही तिला सोडत नाहीत. पण यांपैकी अनेकांच्या प्रौढांना पोटाला मध आणि परागकण लागतात. कॉफीचा बहर जेमतेम काही दिवसांचा. वर्षाचे उरलेले दिवस चकाचक निंदलेल्या मळ्यात त्यांना खायला काही नसते. ओसाडीसारखी आणि कपड्यांना बिया चिकटवणाऱ्या बायडेन्ससारखी तणे ही उणीव भरून काढतात. त्यांच्या फुलांवर क्रायसोपा अधिक काळ तग धरते, असे प्रयोगांत दिसले आहे. सावलीसाठी लावलेल्या इंगा झाडांच्या पानांवरही मधुग्रंथी असतात. ती झाडे असलेल्या मळ्यांत परोपजीवी माश्यांचे काम जास्त आणि पोखरलेली पाने कमी आढळली.

आरोग्याच्या दृष्टीने यात कॉफी पिणाऱ्याचा फायदा फारसा नाही. दाणे भाजताना औषधाचे बरेचसे अवशेष नष्ट होतात. प्रश्न आहे तो पाठीवर पंप घेऊन चढणीवर फवारणाऱ्या मजुराचा. या गटातील औषधे कातडीतूनही शरीरात शिरतात आणि नसांकडून मिळणारा संदेश वेळेवर थांबवणारे विकर बंद पाडतात. घाम आणि लाळ थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती स्रावाने भरते. ॲट्रोपीन वेळेत मिळाले नाही तर श्वास थांबतो. क्लोरपायरिफॉसबद्दल तर लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होण्याची चिंता वेगळीच आहे. महाराष्ट्राला हे नव्याने सांगायला नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क आणि हातमोजे घाला, हा सल्ला योग्यच आहे. पण दमट उन्हात तो किती पाळला जातो, हे सल्ला देणाऱ्यालाही ठाऊक असते. फवारणीच कमी झाली तर विषबाधाही कमी होईल.

म्हणून मळा तणाच्या हवाली करायचा, असे नव्हे. तण पाणी आणि खत ओढते, कोवळ्या रोपांना तर ते दाबून टाकते. झाडाच्या बुंध्याभोवतीची जागा स्वच्छ ठेवायची आणि ओळींच्या मधल्या पट्ट्यातच तण राखायचे, हा मधला मार्ग. ओसाडीही अगदी निरुपद्रवी नाही. तिच्यातली अल्कलॉइड यकृताला घातक असतात. इथिओपियातील तिग्राई भागात यकृताच्या आजाराची साथ आली, तेव्हा धान्यात मिसळलेल्या या तणावरच संशय गेला होता. धान्याच्या शेताशेजारी तिला मोकळे रान देता येणार नाही. शिवाय कॉफीच्या दाण्यात शिरणाऱ्या भुंगेऱ्यावर एवढ्याने भागणार नाही. त्यासाठी झाडावर उरलेली आणि खाली पडलेली फळे वेचावीच लागतात.

खरी अडचण मजुरीची आहे. तणनाशक एकदा मारले की काम झाले. तण राखायचे तर पट्टे आलटून पालटून कापावे लागतात, म्हणजे एक पट्टा कापला तरी शेजारचा फुललेला राहतो. या जादा मजुरीचा भार आज एकटा मळेवाला उचलतो. कीटकनाशकावर बंदी घालणाऱ्या आणि त्याचा अंश नसलेलीच कॉफी मागणाऱ्या देशांनी दरात त्यासाठी काही जादा मोजल्याशिवाय छोटा शेतकरी तणनाशक सोडण्याची शक्यता कमीच.