न उडणारं विमान

"विमान बनवणार? किती वेळ उडेल?" फायनल इयर प्रोजेक्टचा विषय सांगितल्यावर सरांचा पहिला प्रश्न. "सर, उडणारच नाही," असं मी म्हटलं आणि ग्रुपमधल्या बाकीच्या तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सबमिशनच्या आदल्या रात्री मी सगळ्यांच्या जर्नलवर चहा सांडलाय! विषय अर्थातच नामंजूर. रविवारी घरी, म्हणजे भिवंडीजवळ पूर्णा गावात गेलो, तर काकांचाही तोच सवाल, "उरत नाय त इमान कसला?" डिपार्टमेंट आणि गोदाम यांचं एकमत होण्याचा हा दुर्मिळ योग!

तर मित्रांनो, ज्यांनी मेसमध्ये मला "काय रे, खोटं विमान कुठवर आलं?" म्हणून छळलं, त्या सगळ्यांना हे एकदाच उत्तर.

स्कायडायव्हिंग म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं ते आकाश आणि उघडलेलं पॅराशूट. पण त्याच्या आधी एक दार असतं. सेसना १८२ हे जगभर उड्यांसाठी वापरलं जाणारं छोटं विमान घ्या. आतली रुंदी जेमतेम साडेतीन फूट, उंची साधारण चार फूट. पायलटची सोडून बाकी सीटा काढलेल्या, चार माणसं पाठीवर पॅराशूट घेऊन जमिनीवर दाटीवाटीनं बसलेली. (आपल्या हॉस्टेलच्या तीन सीटर रूममध्ये सहा जण झोपतात, त्यांना कल्पना येईल.) वर गेल्यावर उजव्या बाजूचं दार उघडतं. शिकाऊ माणसानं ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यात बाहेर यायचं, चाकावरच्या पायरीवर पाय ठेवायचा, पंखाला आधार देणारा तिरका दांडा दोन्ही हातांनी धरायचा, समोर तोंड करायचं आणि मग सोडायचं. हे सगळं काही सेकंदांत.

आणि इथंच घात होऊ शकतो. पाठीवरच्या बॅगेची पिन किंवा राखीव पॅराशूटचं हँडल दाराच्या चौकटीला अडकलं, तर माणूस आत असतानाच पॅराशूट बाहेर फुगतं. ते त्याला दारातून खेचून नेतं, आणि वाटेत असते विमानाची शेपटी. म्हणजे एका माणसाच्या चुकीनं सगळं विमान संकटात. म्हणून ही बाहेर पडण्याची कवायत आधी जमिनीवर, विमानाच्या नकलेत, पुन्हा पुन्हा करून घेतात. त्या नकलेलाच म्हणायचं मॉक-अप.

ही काही हौशी लोकांची टूम नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या रिंगवे इथं छत्रीधारी सैनिक तयार होत. तिथल्या व्हिटली बॉम्बर विमानाला उडीसाठी दार नव्हतंच, तळाला एक भोक होतं! सैनिक जरा जास्त जोरात निघाला की समोरच्या काठावर तोंड आपटायचं, आणि फारच सावकाश निघाला तर पाठीवरचं ओझं मागच्या काठाला लागून तोंड पुन्हा पुढेच. कित्येकांची नाकं फुटली. मग हँगरमध्ये तसल्याच भोकाचे सांगाडे उभे करून सराव चाले. आपल्याकडे १९४१ मध्ये दिल्लीच्या विलिंग्डन विमानतळावर (आताचं सफदरजंग) हे प्रशिक्षण सुरू झालं. आज वायुदलाचं पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल आग्र्याला आहे. महेंद्रसिंग धोनीनं २०१५ मध्ये तिथंच आधी जमिनीवरचं ट्रेनिंग घेतलं आणि मग एएन-३२ मधून उडी मारली. वर्ल्ड कप जिंकलेल्या कॅप्टनलाही ते चुकलं नाही. एनसीसीचे कॅडेट आग्र्याच्या कॅम्पला जातात, त्यातला आपला एक सीनियर सांगायचा, "पाऊल कुठं, हात कुठं, नजर कुठं, हे इतक्यांदा घोकून घेतात की रात्री झोपेतसुद्धा पलंगावरून एक्झिट होते."

"पण पुण्याच्या शीतल महाजननं तर पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर मारली!" हे मला आतापर्यंत चार जणांनी ऐकवलंय. बरोबर आहे, १८ एप्रिल २००४. त्या बाईंच्या हिमतीला सलाम. पण पुढं त्यांनी शेकडो उड्या मारल्या, नऊवारी नेसून मारली, २०२३ मध्ये एव्हरेस्टसमोर हेलिकॉप्टरमधून मारली, ती काही नुसत्या हिमतीवर नाही. अपवाद हा अपवादच. त्याच्यावरून सिलॅबस ठरवायचा नसतो.

आता मुद्द्यावर येतो. सरांचं म्हणणं, यात इंजिनिअरिंग काय आहे? चार प्लायवूड ठोकले की झालं. मला उलट वाटतं. उडत्या विमानात काय हवं ते हवाच सांगते. चुकलात तर ते उडत नाही, विषय संपला. खोट्या विमानात मात्र प्रत्येक माप तुम्हीच ठरवायचं, आणि चूक लगेच कळत नाही. नाक नको, शेपटी नको, रंग तर नकोच. पण दाराची उंची, छताची उंची, पायरी आणि दांडा यांच्यातलं अंतर, दांड्याचा कोन आणि जाडी, हे तंतोतंत हवं. सोयीसाठी दार चार इंच मोठं केलंत तर काय होईल? मुलं छान शिकतील, पण चुकीचं. त्यांना न वाकता निघायची सवय लागेल आणि ती चूक दहा हजार फुटांवर उघडकीला येईल. काय अचूक ठेवायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवणं म्हणजेच डिझाइन ना?

शिवाय गणितही आहे. शिकाऊ आणि त्याचे इन्स्ट्रक्टर असे दोन-तीन जण एकाच बाजूला पायरी-दांड्यावर लोंबकळणार, म्हणजे दोन-अडीचशे किलो, वर झटके वेगळेच. खऱ्या विमानाला हवा उचलून धरते. आपला सांगाडा सरळ दाराच्या बाजूला कलंडेल! म्हणजे दुसऱ्या बाजूला वजन टाका नाहीतर फरशीत अँकर बोल्ट मारा, दांड्याच्या मुळाशी बेंडिंग मोमेंट काढा, वेल्डिंग तपासा. व्हायवाला यापेक्षा काय पाहिजे?

कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बनवणाऱ्या कॅप्टन अमोल यादवांचं उदाहरण सर नेहमी देतात. ते विमान २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं होतं, २०१७ मध्ये त्याची डीजीसीएकडे नोंदणी झाली. मलाही अभिमान आहे. पण त्यामागं कित्येक वर्षं गेली, घरच्यांचे पैसे गेले. आपल्याकडे एक सेमिस्टर आहे आणि वर्गणी निघते ती मेसचं बिल भरून उरेल तेवढी.

आणि जागा म्हणाल तर आमच्या पूर्णाइतकी सोयीची जागा नाही. कशेळी, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात गोदामं किती आहेत ते ठाण्याहून भिवंडीला जुन्या रस्त्यानं आलेल्या कुणालाही विचारा. उंच छप्पर, ट्रीमिक्सची पक्की जमीन, पॅकिंगचं लाकूड, एमएस अँगल, हाकेच्या अंतरावर वेल्डर. ट्रकच्या मापानं बांधलेला गोदामाचा ओटा असतो साधारण चार फुटांचा. पॅराशूटनं उतरताना पाय जुळवून अंगावर लोळण कशी घ्यायची, याचा सराव अशाच उंचीच्या ओट्यावरून करतात, अर्थात खाली मऊ काहीतरी पसरून. गॅरेजवाले गाडीखाली सरकायला चाकांची फळी वापरतात ना, तसल्याच फळ्यांवर पालथं पडून स्कायडायव्हर मंडळी हवेतल्या रचनांची तालीम करतात. तीही आमच्या नाक्यावर मिळेल.

एक गोष्ट मात्र हे विमान देऊ शकत नाही : वारा. भीतीही थोडीच देईल. हे मी सरांना आधीच सांगितलंय, नाहीतर व्हायवाला एक्स्टर्नल नेमका तोच प्रश्न काढतात.

काकांनी मागच्या रविवारी एक कोपरा द्यायचं कबूल केलंय, दिवाळीचा माल येईपर्यंत. भाडं नाही, पण पत्र्याला भोक पाडायचं नाही ही अट. सरांना मी पुन्हा अर्ज दिलाय. या वेळी शीर्षकातून 'विमान' शब्द काढून 'प्रशिक्षणासाठी पोलादी सांगाड्याचे संकल्पन' असं घातलंय. बघू.

ज्याला वेल्डिंग येतं आणि रविवारी मॅचपेक्षा भिवंडीची एसटी पकडायची तयारी आहे, त्यानं रूमवर येऊन भेटावं. चहा माझ्याकडून.