मिशनचे मैदान, कदम विद्यालयाचे मैदान आणि न लिहिलेला इतिहास

थ्रेड : बारामती आणि इंदापूर येथील दोन शाळांच्या मैदानांविषयी.

फेब्रुवारी २०२० मध्ये बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र आणि उत्तराखंड यांच्यात रणजी करंडकाचा सामना झाला. तालुक्याच्या गावाला हा मान मिळणे ही घटना मोठीच होती. त्या सामन्याची धावसंख्या, बळी, नाणेफेक हे सारे कायमचे नोंदले गेले आहे. पन्नास वर्षांनंतरच्या अभ्यासकालाही ते क्षणात सापडेल. त्याच आठवड्यात त्याच गावातील मिशन हायस्कूलच्या मैदानावर कोणती मुले कोणाविरुद्ध खेळली, हे मात्र कोणालाच सांगता येणार नाही. आणि तरीही, या दोहोंपैकी इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाची जागा कोणती असे विचारले, तर मिशनचे मैदान हेच उत्तर द्यावे लागेल.

हे विधान धाडसाचे वाटेल. स्टेडियमचा इतिहास लिहिणे सोपे असते. कोनशिला असते, उद्घाटनाची तारीख असते, प्रेक्षकांच्या पायऱ्या असतात. शाळेच्या मैदानाला यातले काहीच नसते. असते ते कुंपण, एखादा ध्वजस्तंभ, कडेची दोन-चार झाडे आणि मधली उघडी माती. उघड्या जागेवर काही बांधलेले नसते, म्हणून तिथे काही घडलेही नसावे, असा समज होतो. स्थानिक इतिहासाच्या लेखनात हा समज फार खोलवर रुजला आहे. गढी, वेस, मंदिर, वाडा यांवर पानेच्या पाने लिहिली जातात; मैदान मात्र ‘शाळेसमोरील मोकळी जागा’ एवढ्यावरच आटोपते.

बारामतीचे उदाहरण आधी घेऊ. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातील ‘चर्चेस ऑफ क्राइस्ट’ या पंथाचे मिशनरी या भागात आले आणि बारामती हे त्यांच्या कामाचे एक केंद्र झाले. शाळेच्या नावातील ‘मिशन’ हा शब्द त्या मिशनरी काळाची खूण आहे. आज मात्र महाराष्ट्रभर हे मैदान ओळखले जाते ते राजकारणामुळे. बारामतीतील प्रचाराची सांगता सभा मिशन हायस्कूलच्या मैदानावर घ्यायची, हा शरद पवार यांचा अनेक दशकांचा शिरस्ता होता. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत, पक्ष दुभंगल्यानंतर, ते मैदान अजित पवार यांच्या बाजूला मिळाले आणि शरद पवार यांची सभा दुसऱ्या जागी झाली. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी मैदान कोणाला मिळाले याची बातमी केली, ती योग्यच होती. एका शाळेच्या मैदानाची परवानगी हा राज्याच्या राजकारणातील संकेत ठरावा, यातच त्या मातीचे वजन दिसते.

परंतु बातमीत मैदान येते ते निवडणुकीपुरतेच. मधल्या काळात तिथे प्रार्थना होते, कवायत होते, खो-खोचे सामने होतात, शर्यतीत कोणीतरी पडून गुडघे फोडून घेते. मैदानाचे खरे वय त्या दिवसांनी मोजले पाहिजे.

आता इंदापुरात जाऊ. तिथली जमीन इतिहासाच्या विद्यार्थ्याला अनोळखी असू नये. मालोजीराजे भोसले यांचे नाव या गावाशी जोडलेले आहे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यामानाने कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी, की मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीची पद्धत ज्या तालुक्यात घडली तो हाच. पेशवाई गेल्यानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने केलेली पाहणी फसली. उत्पन्नाचा निव्वळ हिशेब कागदावर सुबक होता. प्रत्यक्षात सारा झेपेना आणि रयत जमिनी टाकून जाऊ लागली. मग १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केले. प्रत्येक शेताला हद्द, प्रत्येक हद्दीला खुणेचे दगड, प्रत्येक शेताला क्रमांक आणि ठरावीक सारा तीस वर्षांसाठी कायम, अशी ती व्यवस्था होती. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्याला ती लागू झाली आणि पुढे तिच्याच धर्तीवर इलाखाभर मोजणी झाली.

शाळेच्या मैदानाच्या गोष्टीत हा तपशील कशाला, असे कोणी म्हणेल. कारण साधे आहे. मैदान ही आधी जमीन असते. शाळेच्या नावावर चढण्यापूर्वी ती कोणाची तरी पेरणीची, पडीक किंवा गायरान असते. सातबारा, फेरफार, जुने मोजणी नकाशे यांतून तिचा माग निघतो. ज्या तालुक्यात ‘सर्व्हे नंबर’ ही कल्पनाच रुजली आणि वाढली, तिथे मैदानाचा इतिहास कागदोपत्री सापडत नाही असे म्हणणे हा निव्वळ आळस आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. १८७६-७७ च्या दुष्काळानंतरच्या दशकात नीरा डावा कालवा झाला आणि बारामती-इंदापूरच्या कोरड्या पट्ट्यात पाणी फिरले. पुढे ऊस आला, विसाव्या शतकात वालचंदनगर उभे राहिले, सहकारी कारखाने आले. जिरायतीच्या काळात एखादा एकर मुलांना खेळायला मोकळा सोडणे फारसे जड नव्हते. बागायतीच्या काळात त्याच एकराला भाव आला, शहर वाढू लागल्यावर तर गुंठ्याला भाव आला. अशा तालुक्यात एखाद्या शाळेचे मैदान आजही मोकळे असेल, तर कोणीतरी ते जाणूनबुजून मोकळे ठेवले आहे. त्या निर्णयालाही इतिहास आहे.

इंदापूरच्या कस्तुराबाई श्रीपती कदम विद्यालयाचे मैदान हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. संत तुकाराम महाराजांचा पालखी सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केला असे मानले जाते. देहूहून निघालेली पालखी पुण्याहून बारामतीला येते. तिथून पुढे काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवडीला गोल रिंगण होते आणि त्यानंतर इंदापुरात कदम विद्यालयाच्या मैदानावर पुन्हा गोल रिंगण होते. जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर अकलूजलाही रिंगण सदाशिवराव माने विद्यालयाच्या प्रांगणात असते. म्हणजे तीन शतकांहून जुन्या परंपरेने आपल्या वाटेवरच्या मोठ्या गावांत ज्या जागा निवडल्या, त्या शाळांच्या आहेत.

यात नवल नाही. रिंगणाला काय लागते ते पाहावे. मधोमध पालखी, भोवती दिंड्यांचे कडे, मध्ये धावण्याची वाट. आधी पताकाधारी धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, पखवाजवाले आणि शेवटी अश्व. अश्वाला माती लागते. काँक्रीटवर किंवा फरसबंदीवर तो पळू शकत नाही. भोवती हजारो माणसे उभी राहतील एवढी सलग, सपाट, उघडी जमीन गावाच्या पोटात शाळेखेरीज दुसऱ्या कोणाकडे उरली आहे?

आणखी एक नाते आहे, ते खेळाच्या इतिहासकारांच्या नजरेतून सहसा निसटते. रिंगण आटोपले की वारकरी फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, एकमेकांच्या खांद्यांवर मनोरे रचतात. पांढरी दाढी असलेला गृहस्थ पाठीवरून उडी मारताना तिथे दिसतो. संतवाङ्मयात खेळांचे अभंग हा एक स्वतंत्र प्रकारच आहे. तुकोबांच्या गाथेत फुगडी, चेंडूफळी, विटीदांडू, हमामा, हुंबरी यांची रूपके आहेत. रूपक तेव्हाच लागू पडते जेव्हा ऐकणाऱ्याला खेळ ठाऊक असतो. मराठी मुलुखात कोणते खेळ खेळले जात, याचा हा जुना पुरावा होय. पुढे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात खो-खोसारख्या देशी खेळांना नियमांची चौकट मिळू लागली आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. हे नियमबद्ध खेळ गावोगावी पोहोचले ते मुख्यतः शाळांच्या मार्फत. कबड्डीला १३ बाय १० मीटरचे मैदान पुरते, खो-खोला २७ बाय १६ मीटरचे. बूट लागत नाहीत, साहित्य जवळजवळ लागत नाही. कोरडवाहू तालुक्यातील शाळेला एवढे परवडत होते. कदम विद्यालयाच्या मैदानावर वर्षभर मुले खेळतात आणि आषाढीच्या वाटेवर वारकरी खेळतात, या दोन गोष्टी वाटतात तितक्या निराळ्या नाहीत.

येथे एक आक्षेप रास्त आहे. मैदान मुलांचे, मग सभेला, सोहळ्याला, प्रदर्शनाला ते का द्यावे? मंडपाचे खांब रोवलेले खड्डे नंतर कोण बुजवते? खिळे, काचा, पत्रावळ्या कोण वेचते? पुष्कळदा ते मुलांनाच करावे लागते. मैदान कशासाठी द्यायचे, किती दिवस द्यायचे आणि कोणत्या स्थितीत परत घ्यायचे, हे शाळेने ठरवावे. खेळाचा तास हा त्यातला पहिला हक्क असावा. तरीसुद्धा मैदानाला कुलूप घालणे हा उपाय नव्हे. गाव ज्या मैदानावर कधीच येत नाही, त्याच्या बचावासाठीही गाव येत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शाळेला मैदान असावे असे म्हटले आहे, पण ते केवढे असावे ते म्हटलेले नाही. नव्या वर्गखोल्या, वाहनतळ, पेव्हर ब्लॉक यांनी मैदान दरवर्षी थोडे थोडे आखडत गेले तरी कागदावर ते ‘आहे’च राहते. अशा वेळी रिंगणाला जागा लागते, ही गोष्ट कायद्याहून अधिक कामाची ठरू शकते.

त्याच कारणाने प्रत्येक मैदानाचे स्टेडियम करण्याचा हव्यासही तपासून पाहिला पाहिजे. स्टेडियम हवेच, रणजीचा सामना मिशनच्या मैदानावर होणार नाही. पण पायऱ्या आणि जाळी आली की माणसांची खेळणारी आणि पाहणारी अशी वाटणी होते. रिंगणात ती वाटणी नसते. कडेला उभा असलेला माणूस दुसऱ्या क्षणी फुगडीत असतो.

२०२० आणि २०२१ मध्ये महामारीमुळे पायी सोहळा झाला नाही. पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत शाळाही बंद होत्या. मैदानावर ना अश्व धावला, ना मुले. त्या मैदानाच्या इतिहासातील ही दोन वर्षेही लिहिली गेली पाहिजेत, आणि ती लिहिण्यासाठी लागणारी माणसे आज गावात आहेत. क्रीडाशिक्षक आहेत, शिपाई आहेत, समोरचे चहावाले आहेत. शाळेच्या कपाटात जुनी लॉगबुके, शेरेपुस्तके, स्नेहसंमेलनांची छायाचित्रे असतात. कपाट बदलताना आधी तीच रद्दीत जातात. ज्यांना इतिहासाची आवड आहे आणि सुट्टीत एखादा दिवस मोकळा आहे, त्यांनी गडावर जाण्याआधी आपल्या शाळेत जाऊन ती पाहण्याची परवानगी मागावी. मैदानाची लांबी-रुंदी पावलांनी मोजून तारखेसह लिहून ठेवावी.

इंदापूरचा मुक्काम आटोपून पालखी सराटीकडे निघते. मागे मैदानात टापांचे वर्तुळ उमटलेले राहते. त्यातील चिमूटभर माती लोकांनी आदल्या दिवशीच कपाळाला लावून नेलेली असते. पाऊस आला तर ते वर्तुळ पुसले जाते. नाही आला, तर त्याच्यावरच फक्कीने खो-खोच्या रेघा पडतात.